मेंदूच्या स्कॅनमध्ये दारूचं व्यसन दिसतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घणसोलीत राहणारा धाकटा भाऊ, वय 38, रबाळे एमआयडीसीत शिफ्टची नोकरी. बारा वर्षं पितोय, गेली काही वर्षं रोज एक ते दीड क्वार्टर. सकाळी हात थरथरतात, मग ‘उतारा’ घेऊनच कामावर जातो. एका केंद्राने ‘ब्रेन मॅपिंग’ सुचवलंय: फंक्शनल एमआरआय आणि पेट स्कॅन करा, व्यसन किती खोल गेलंय ते दिसेल, त्यावरून उपचार ठरवू. करावं का? बिघडलेला मेंदू भरून येतो का? आणि भावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाचाही स्कॅन काढून ठेवावा का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: त्या कारणासाठी करू नका. व्यसनाचं निदान करणारा किंवा त्याची ‘खोली’ मोजणारा स्कॅन आज कुठेच नाही. ठाण्यात नाही, बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत नाही आणि अमेरिकेतही नाही. पण म्हणून स्कॅनचं कामच नाही असंही नाही. तुमच्या भावाला साधा सिटीस्कॅन तातडीने लागेल अशा काही वेळा येऊ शकतात, आणि नेमकं तेव्हाच घरचे ‘जास्त झालीय, झोपू दे’ म्हणून सोडून देतात. त्याबद्दल पुढे लिहिलंय. आधी संशोधनाचं पाहू, कारण अशा केंद्रांत दाखवतात ती लाल-निळी चित्रं खोटी नसतात. ती फक्त तुमच्या भावाबद्दल काही सांगत नाहीत.

ती चित्रं बहुतेक पेट स्कॅनची असतात. नोरा व्होल्कॉव (2003 मध्ये अमेरिकेच्या अमली पदार्थविषयक राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या संचालक झाल्या) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकापासून आधी कोकेन, मग दारू आणि मेथॲम्फेटामिन घेणाऱ्यांचे मेंदू असे तपासले. रॅक्लोप्राइड नावाच्या रेणूला किरणोत्सारी कार्बन-11 जोडायचा आणि तो शिरेतून द्यायचा. तो डोपामिन या मेंदूतल्या ओढ लावणाऱ्या रसायनाच्या डी-टू रिसेप्टरवर, म्हणजे ते रसायन पकडणाऱ्या जागेवर, जाऊन बसतो. जितके रिसेप्टर उपलब्ध, तितका सिग्नल जास्त. व्यसन असलेल्या गटात मेंदूच्या आतल्या स्ट्रायटम या भागात हा सिग्नल सरासरीने कमी आला. ज्यांच्यात तो कमी होता, त्यांच्यात डोळ्यांच्या वरचा, कपाळामागचा ऑर्बिटोफ्रंटल भागही ग्लुकोज कमी वापरत होता. एखाद्या गोष्टीची किंमत काय मोजावी लागेल याचा अंदाज बांधण्यात या भागाचा हात असतो. ‘उद्या पहिली शिफ्ट आहे’ हे माहीत असूनही बाटली उघडली जाते, त्याचा एक धागा इथे सापडला.

आता यातली व्यवहाराची बाजू. कार्बन-11 दर वीस मिनिटांनी निम्मा होतो, म्हणजे तासाभरात आठवा हिस्सा उरतो. त्यामुळे तो तयार करणारं यंत्र, म्हणजे सायक्लोट्रॉन, त्याच आवारात लागतो आणि रसायन बनवणारी माणसं हाताशी लागतात. आपल्या भागात पेट स्कॅन होतात ते मुख्यतः कर्करोगासाठी, खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या ठिकाणी किंवा खासगी केंद्रांत, आणि तिथे वापरतात ते बहुधा एफडीजी, म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर. त्यातल्या फ्लोरिन-18 चा अर्धायुकाल सुमारे 110 मिनिटं, म्हणून ते गाडीने आणता येतं. एफडीजी डोपामिन दाखवत नाही, ग्लुकोजचा वापर दाखवतं. आणि रक्तात दारू असेल तर मेंदू ग्लुकोज कमी वापरतो, कारण दारूपासून तयार झालेलं ॲसिटेट तो इंधन म्हणून जाळू लागतो. लोराझेपामसारखी शांत करणारी गोळी घेतली असेल, साखर वाढलेली असेल, तरीही चित्र फिकट येतं. म्हणजे आदल्या रात्रीची क्वार्टर, सकाळची गोळी आणि बारा वर्षांचं व्यसन यांची त्या चित्रात सरमिसळ होते.

याहून मोठी अडचण सरासरीची आहे. दोन गटांच्या सरासरीत फरक असतो, पण माणसं सुटी करून पाहिली तर दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत मिसळलेले दिसतात. कधीही न पिणाऱ्या माणसाचे डी-टू रिसेप्टर कमी भरू शकतात आणि रोज पिणाऱ्याचे ठीकठाक. मेंदूच्या आकारमानाचंही तसंच. अनेक प्रयोगशाळांचे मेंदूचे स्कॅन एकत्र करणाऱ्या एनिग्मा गटाच्या 2019 च्या विश्लेषणात वेगवेगळ्या पदार्थांवर अवलंबून असलेले 2,140 आणि अवलंबून नसलेले 1,100 जण होते. पाच पदार्थांपैकी दारूचा परिणाम सगळ्यात ठळक दिसला. 2022 मध्ये ब्रिटनच्या बायोबँक या मोठ्या आरोग्य-अभ्यासातल्या 36,678 प्रौढांच्या एमआरआयमध्ये दिवसाला एक-दोन युनिट पिणाऱ्यांतही सरासरी मेंदू किंचित लहान भरला. तिथलं युनिट आठ ग्रॅम अल्कोहोलचं. आपली 180 मिलीची क्वार्टर 42.8 टक्क्यांची असेल तर तिच्यात सुमारे 61 ग्रॅम, म्हणजे साडेसात युनिटं. भावाचा रोजचा हिशोब यावरून काढा. त्याला स्कॅन लागत नाही.

शिवाय आधी काय, दारू की मेंदूतला फरक? निम्हान्समधल्या विवेक बेनेगल आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दारूचा थेंबही न घेतलेल्या, पण वडिलांना व्यसन असलेल्या मुलांचे एमआरआय पाहिले. काही भागांत ग्रे मॅटर (मेंदूतला पेशींचा थर) आधीच कमी होतं आणि त्याचा संबंध उतावळेपणा, चंचलपणा यांच्याशी लागत होता. म्हणजे जे ‘दारूने झालेलं नुकसान’ म्हणून दाखवतात, त्यातलं काही जन्मजात किंवा घरातल्या वातावरणातून आलेलं असू शकतं. उलट बाजूही आहे. 2002 चा माकडांवरचा एक प्रयोग माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात डोळे उघडणारा. एकेकट्या ठेवलेल्या माकडांना कळपात सोडलं. जी वरचढ झाली त्यांचे डी-टू रिसेप्टर वाढले, आणि कोकेनची त्यांना तितकी ओढ लागली नाही. जी खाली दबली त्यांच्यात रिसेप्टर वाढले नाहीत, आणि ती कोकेन घेत राहिली. रिसेप्टरचा आकडा म्हणजे नशिबाचा शिक्का नव्हे, परिस्थिती बदलली की तो बदलतो.

आता फंक्शनल एमआरआय. हे यंत्र विचार टिपत नाही, रक्तातला प्राणवायू टिपतं, तोही उशिरा: मेंदूचा तो भाग कामाला लागल्यावर पाच-सहा सेकंदांनी सिग्नल शिगेला पोहोचतो आणि वाढ असते साधारण एक टक्क्याची. सोसायटीच्या वीजमीटरकडे बघून कुठल्या घरात कशावरून भांडण चाललंय ते ओळखण्यासारखं हे काम आहे. तलफ तपासायची ठरलेली पद्धत अशी. माणूस बोगद्यात उताणा, डोक्याभोवती कॉइल, कॉइलवर आरसा, आरशात पडदा. वीस-पंचवीस सेकंद दारूची चित्रं, मग तितकाच वेळ पाण्याची किंवा सरबताची, मध्ये नुसतं अधिकचं चिन्ह. हातातल्या बटनाने ‘आत्ता किती प्यावीशी वाटतेय’ ते सांगायचं. दारूच्या चित्रांच्या वेळचा सिग्नल वजा पाण्याच्या वेळचा सिग्नल, ही झाली ‘क्यू रिॲक्टिव्हिटी’.

यात गोष्टी कुठे बिघडतात ते ऐका. चित्रं परदेशी संचातली असतील तर त्यात लांब दांड्याच्या ग्लासातली रेड वाइन असते. ती पाहून आपल्या भावाच्या मेंदूत काही होणार नाही. त्याची तलफ चाळवते ती प्लास्टिकचा ग्लास, खारे शेंगदाणे आणि झाकण फोडलेली क्वार्टर पाहून. चित्रं इथली हवीत आणि दोन्ही बाजूंची उजेड-रंगाने सारखी हवीत, नाहीतर आपण दारूचा नव्हे, भडक रंगाचा परिणाम मोजतो. दुसरं, हात थरथरणारा माणूस डोकंही स्थिर ठेवू शकत नाही. अर्ध्या मिलिमीटरची हालचालसुद्धा आकडे बिघडवते, दोन-तीन मिलिमीटर झाली की बहुतेक ठिकाणी तो स्कॅन बाद करतात. तिसरं, तंबाखू. मशेरी लावून किंवा गुटख्याची पुडी तोंडात रिचवून आलेल्या माणसात निकोटिनचा आणि सुपारीचा परिणाम चालू असतो, आणि चार तास काहीच न मिळालेल्यात निकोटिनची तलफ. दोन्ही दारूच्या खात्यावर चढतात. सकाळच्या कडक चहातलं कॅफीनही मेंदूचा रक्तपुरवठा कमी करतं. म्हणून नीट प्रयोगात श्वासातली दारू शून्य, लघवीची तपासणी, शेवटचा घोट आणि शेवटची तंबाखू यांची वेळ, चालू गोळ्या, डोक्याला झालेल्या जुन्या जखमा, सगळं लिहून घेतात. डोक्याला मार बसून बेशुद्ध झालेले, फिट आलेले, यकृत पार बिघडलेले बरेचदा वगळतात. म्हणजे अभ्यासात उरतात ते त्यातल्या त्यात धडधाकट लोक; वॉर्डात दिसणारा रुग्ण त्यात कमीच असतो.

इतकं सांभाळूनही एका माणसाचा आकडा भरवशाचा निघत नाही. 2020 च्या एका विश्लेषणात 90 प्रयोग एकत्र घेतले: त्याच माणसाला तेच काम देऊन पुन्हा मोजलं तर निकाल कितपत जुळतात? विश्वासार्हता 0.397 निघाली, जिथे पूर्ण जुळणी म्हणजे 1. रक्तातल्या साखरेच्या चाचणीची अशी गत असती तर कोणी ती केली नसती. गणितात ढिलाई केली तर काय होतं हे 2009 मध्ये काही संशोधकांनी एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवून दाखवलं. त्याला माणसांचे फोटो ‘दाखवले’ आणि दुरुस्ती न केलेल्या आकडेमोडीत त्याच्या मेंदूतही ‘हालचाल’ उमटली. त्यांना पुढे 2012 चं इग नोबेल मिळालं, ते योग्यच.

आणि ‘पुन्हा पिणार का ते स्कॅन सांगतो’ हा दावा येतो कुठून? 2005 मध्ये मेथॲम्फेटामिनच्या 40 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात फंक्शनल एमआरआयवरून पुन्हा नशा करणाऱ्या 18 पैकी 17 आणि न करणाऱ्या 22 पैकी 20 जण बरोबर ओळखले. आकडा झकास आहे. पण ज्या माणसांवरून सूत्र बसवलं त्यांच्यावरच ते तपासलं. नव्या शहरातल्या, नव्या यंत्रातल्या, वेगळ्या नशेच्या माणसांवर ते तसंच चालेल असं धरता येत नाही. एमडीबद्दल, म्हणजे मेफेड्रोनबद्दल, तर मेंदूचे अभ्यास अगदीच तुटपुंजे आहेत, आणि ठाणे-मुंबईत आज विशीतल्या मुलांत तीच जास्त चिंतेची गोष्ट आहे.

मग या संशोधनाचा उपयोग काय? आहे, आणि मोठा आहे, फक्त तो रिपोर्टच्या कागदावर येत नाही. हवीशी वाटणं आणि आवडणं या मेंदूत वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून पक्कं झालं. भाऊ ‘आता मजा येत नाही’ म्हणतो आणि तरीही पितो. ते नाटक नसतं. कानशिलाच्या आत खोलवर इन्सुला नावाचा भाग आहे. 2007 मध्ये असं दिसलं की पक्षाघाताने तो भाग बिघडलेल्या काही जणांची सिगारेट विनासायास सुटली. अशा धाग्यांवरून चुंबकीय उत्तेजनाचे उपचार आले. सिगारेट सोडण्यासाठी त्यातल्या एका प्रकाराला अमेरिकेत ऑगस्ट 2020 मध्ये मान्यता मिळाली. दारूसाठी तो अजून प्रायोगिकच समजा आणि कोणी हमखास म्हणून विकत असेल तर दोन हात लांब राहा. नाल्ट्रेक्सोन ही दारूची तलफ कमी करणारी गोळी घेतल्यावर दारूच्या चित्रांना स्ट्रायटमचा प्रतिसाद मंदावतो, हेही स्कॅनमध्ये दिसलंय. पण ती लिहून द्यायला डॉक्टरांना भावाचा स्कॅन नको, यकृताच्या तपासण्या हव्यात आणि तो अफू, ब्राउन शुगर, कोडीनचं सिरप किंवा ट्रामाडॉल घेत नाही याची खात्री हवी. घेत असेल तर नाल्ट्रेक्सोनमुळे तडकाफडकी विड्रॉवल, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, सुरू होतो, म्हणून आधी सात ते दहा दिवस ते पूर्ण बंद लागतं.

आता भावाकडे वळू. त्याच्या निदानाला अकरा निकष आहेत, मानसोपचारतज्ज्ञ ते बोलून तपासतात: ठरवल्यापेक्षा जास्त पिणं, कमी करायचा फसलेला प्रयत्न, तलफ, कामावर परिणाम, तेवढ्याच नशेसाठी जास्त लागणं, न मिळाल्यास थरथर वगैरे. वर्षभरात सहा किंवा जास्त लागू पडले तर व्यसन तीव्र. ऑडिट ही दहा प्रश्नांची चाचणी दहा मिनिटांत होते. त्यात 20 किंवा जास्त गुण आले तर दारूवर अवलंबून असण्याची दाट शक्यता. सकाळचा उतारा या एका गोष्टीवरूनच पुष्कळ कळतं. रक्ताच्या तपासण्या कराव्यात: यकृताच्या (जीजीटीसकट), सीबीसी, साखर, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन, हिपॅटायटिस बी आणि सी, सोबत पोटाची सोनोग्राफी. हे सगळं सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात होतं.

घरात कोंडून अचानक बंद करू नका. इतकं पिणाऱ्याला शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, धडधड सुरू होते; सहा ते 48 तासांत फिट येऊ शकते; दुसऱ्या ते चौथ्या दिवशी डिलिरियम, म्हणजे भिंतीवर किडे दिसणं, माणसं न ओळखणं, ताप. यात जीव जाऊ शकतो. विड्रॉवलची औषधं ठरलेल्या उतरत्या डोसात, देखरेखीखाली द्यावी लागतात, आणि यकृत खराब असेल तर औषधच बदलावं लागतं.

इथे एक गोष्ट हट्टाने सांगा. गल्लीतल्या दवाखान्यात ‘अशक्तपणा आहे’ म्हणून ग्लुकोजची बाटली लावतात. पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व, संपत आलेलं असतं, आणि नुसतं ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलंही खर्च होतं. थायमिनचं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत हवं (साखर धोकादायकरीत्या उतरली असेल तर ग्लुकोज थांबवायचं नसतं). थायमिनच्या अभावातून वर्निके एन्सेफॅलोपथी होते: गोंधळ, तोल जाणं, डोळे नीट न फिरणं. तिन्ही लक्षणं एकत्र फार थोड्या रुग्णांत दिसतात, म्हणून नुसता गोंधळ असला तरी संशय घ्यायचा. एमआरआयमध्ये मेंदूच्या आत खोल असलेल्या मॅमिलरी बॉडी आणि थॅलॅमसच्या आतल्या कडा पांढऱ्या दिसल्या तर निदान पक्कं, पण जवळपास निम्म्या रुग्णांत काहीच दिसत नाही. ‘एमआरआय नॉर्मल आला’ म्हणून थायमिन थांबवायचं नसतं आणि एमआरआयची वेळ मिळेपर्यंत थांबून राहायचं तर मुळीच नसतं. संशय असेल तर रुग्णालयात 500 मिलिग्रॅमपर्यंत दिवसातून तीनदा शिरेतून देतात. उशीर झाला तर स्मृती कायमची जाऊ शकते.

सिटीस्कॅन कधी? पडून डोक्याला लागलं, जरी तीन आठवड्यांपूर्वी. न पिताही सुस्ती किंवा डोकेदुखी वाढतेय. एक बाजू लुळी पडतेय. आयुष्यातली पहिली फिट. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. शुद्धीवर येऊन पुन्हा गुंगला. पिणाऱ्याच्या मेंदूभोवती जागा वाढलेली असते, शिरा ताणलेल्या असतात आणि यकृतामुळे रक्त लवकर गोठत नाही, म्हणून किरकोळ धक्क्यानेही कवटीखाली रक्त हळूहळू साठतं. साधा स्कॅन काही मिनिटांचा असतो. असं झालं तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी कळव्याच्या किंवा वाशीच्या पालिका रुग्णालयाचा कॅज्युअल्टी विभाग गाठा, सकाळची वाट पाहू नका.

कधी एमआरआय झालाच आणि रिपोर्टमध्ये ‘वयाच्या मानाने सेरेब्रल ॲट्रोफी’ (मेंदू आक्रसणं) किंवा सेरेबेलमच्या, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूच्या, मधल्या भागाची झीज लिहिलेली आली, तर घाबरू नका आणि त्याला ‘बघ, मेंदू सडला’ म्हणून धमकावूही नका. अशा धमकीनंतर लोक जास्तच पितात. पिणं चालू असतानाचा किंवा सोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातला स्कॅन सगळ्यात वाईट दिसतो. दारू थांबल्यावर मेंदूचं आकारमान वाढू लागतं, पहिल्या महिन्यात सगळ्यात वेगाने, मग काही महिने सावकाश. सिगारेट चालू ठेवणाऱ्यांत कमी वेगाने. तुलना करायचीच असेल तर पहिला स्कॅन चार आठवडे कोरडे गेल्यावरचा धरा. भरून येण्याचं जे प्रसिद्ध चित्र फिरतं, ते 2001 च्या मेथॲम्फेटामिनच्या अभ्यासातलं आहे. बारा ते सतरा महिने नशा बंद ठेवल्यावर डोपामिन वाहून नेणाऱ्या प्रथिनाचा सिग्नल बराच परतला. त्यात माणसं पाचच होती, आणि सिग्नल परतला तरी हालचाली आणि स्मरणशक्ती त्या प्रमाणात सुधारली नव्हती. भावाची सुधारणा पाहायला स्मृती आणि एकाग्रतेची साधी लेखी चाचणी सोडल्यावर तीन-चार आठवड्यांनी आणि पुन्हा सहा महिन्यांनी करून घ्या. पहिल्या आठवड्यात केलेली चाचणी फसवी निघते.

आणखी एक, कारण घरोघरी चालतं: डायसल्फिरामची, म्हणजे वर दारू प्यायली की त्रास देणाऱ्या गोळीची, पूड भाजीत मिसळून देणं. तो नकळत पितो आणि रक्तदाब कोसळतो, छाती भरून येते; माणसं दगावली आहेत. ती गोळी त्याला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची असते. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात किंवा नोंदणीकृत केंद्रातल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याला घेऊन जा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आहे. केंद्र खासगी असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 खालची नोंदणी दाखवायला सांगा, आणि ‘ब्रेन मॅपिंग’ सुचवणाऱ्याला एवढंच विचारा की रिपोर्ट असा आला तर उपचारात काय बदलेल आणि तसा आला तर काय. दोन्हींचं उत्तर एकच मिळालं की पैसे खिशात ठेवा.

पुतण्याचा स्कॅन काढू नका. आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा आहे, पण एका मुलाच्या एमआरआयवरून तो पुढे पिईल का हे सांगता येत नाही. भारतातला सी-वेदा प्रकल्प सहा ते 23 वयोगटातल्या हजारो मुलांना पाहतोय, अमेरिकेतला एबीसीडी अभ्यास नऊ-दहा वर्षांच्या सुमारे 11,800 मुलांपासून सुरू झाला; ते गटाची दिशा शोधतायत, एकेकट्या मुलाचं भविष्य नव्हे. उलट निरोगी मुलाच्या स्कॅनमध्येही एखादी निरुपद्रवी गाठ किंवा सिस्ट सापडते आणि घर वर्षभर डॉक्टरांकडे खेटे घालतं. त्यापेक्षा त्याचा पहिला घोट आणि पहिली पुडी जितकी पुढे ढकलता येईल तितकी ढकला. बापासाठी क्वार्टर आणायला त्याला पाठवणं आजपासून बंद करा. अभ्यास अचानक घसरला, रात्रभर जागतो, पैसे गायब होतात, असं काही दिसलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं, आणि हा फोन तो स्वतःही करू शकतो.